ड्रमच्या पोटातला कप

खिळ्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं दोनच. एक लिफ्ट कंपनीतला हजेरी घेणारा कारकून आणि दुसरी रागावलेली बायको. बाकी सगळ्यांना तो खिळ्याच. हे नाव कसं पडलं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही.

पोटापाण्यासाठी तो लिफ्ट दुरुस्त करतो. अडकलेल्या लिफ्टचं दार उघडून माणसं बाहेर काढणं, दोर तपासणं, ग्रीस लावणं हे त्याचं काम. आणि तीसेक वर्षं तो एका हार्ड रॉक बँडमध्ये ड्रम वाजवतो. बँडमध्ये माणसं चारच. गायक डरकाळ्या, हा खिळ्याच्या बायकोचा थोरला भाऊ. गिटार वाजवणारा मास्तर, जो शाळेत खरोखर भूगोल शिकवतो. बास गिटारवर मुका. तो मुका नाही, पण बोलण्याची गरज त्याला अजून पडलेली नाही.

बँड निघाला तेव्हा खिळ्याकडे ड्रम नव्हता. गावाबाहेर बंद पडलेल्या एका सर्कशीचं सामान मोडीत निघालं होतं, त्यातून त्याने एक भलामोठा ड्रम उचलून आणला. सर्कशीत तो चाकांच्या गाडीवर असायचा. चाकं गेली, पण चालायची सवय गेली नाही. पायाने एक दणका दिला की ड्रम बोटभर पुढे सरके. गाणं संपेपर्यंत तो मास्तरच्या टाचेला लागलेला असे आणि खिळ्या पाय लांब करकरून जवळजवळ आडवा झालेला.

मग त्याने खिळे ठोकले. सरळ स्टेजच्या फळ्यांत, चांगले बोटाएवढे. ड्रम जागचा हलेना, पण सभागृहांचे मालक हलले. एकाने कार्यक्रमानंतर फळ्यांवर हात फिरवून पाहिला आणि त्याच हाताने दाराकडे बोट दाखवलं. दुसऱ्याने पुढच्या वेळी दारातच खिसे तपासले. वर्षभरात गावातल्या बऱ्याचशा स्टेजांवर बँडला बंदी झाली आणि ड्रमरचं नाव खिळ्या पडलं. त्यानंतर गालिचा घालून पाहिला. ड्रम गालिच्यासकट निघाला. ड्रमच्या पोटात विटा भरल्या. तो थांबला, पण आवाज असा यायला लागला की जणू कोणी ओल्या गोणीवर बसतंय.

शेवटी डरकाळ्याने आपल्या धाकट्या बहिणीला आणून बसवलं. ड्रमच्या पुढे, ड्रमला पाठ टेकून, प्रेक्षकांकडे तोंड करून.

‘‘मी काय करायचं?’’ तिने विचारलं होतं.

‘‘बसायचं,’’ डरकाळ्या म्हणाला.

‘‘आणि?’’

‘‘आणि उठायचं नाही.’’

ती दोन वर्षं बसली. मागून प्रत्येक ठोका तिच्या पाठीत उतरायचा. खिळ्याला स्टेजवरून तिचा चेहरा कधी दिसला नाही, फक्त वेणी दिसायची आणि ठोक्याबरोबर वेणी उडायची. कोणत्या दिवशी ती वैतागलेली आहे, कोणत्या दिवशी खूश, हे त्याला वेणीवरून कळू लागलं. पुढे लग्न झालं ते याच ओळखीवर.

पहिला पुरस्कार मिळाला तो एका बँकेच्या कर्मचाऱ्यांच्या क्रीडास्पर्धांत. संध्याकाळी करमणूक म्हणून बँडला बोलावलं होतं. बक्षीस समारंभात रस्सीखेचीचा दुसऱ्या क्रमांकाचा संघ रुसून घरी निघून गेला आणि कप टेबलावर उरला. आयोजकांना टेबल आवरायचं होतं. त्यांनी तो बँडला देऊन टाकला. चांगला पितळी, दोन कानांचा, झाकणाचा कप. त्यावर कोरलेलं होतं: ‘रस्सीखेच, उपविजेता संघ’.

‘‘मी हा घरी नेणार नाही,’’ डरकाळ्या म्हणाला. ‘‘मी जन्मात कधी दोर धरलेला नाही.’’

दोराशी रोजचा संबंध असलेला माणूस बँडमध्ये एकच होता. खिळ्याने कप नेला. लिफ्टच्या दुसऱ्या टोकाला जे वजन असतं, जे खाली आल्याशिवाय माणसं वर जात नाहीत, त्याचे जुने लोखंडी तुकडे त्याच्या कारखान्यात पडलेले असत. ते त्याने कपात ठासून भरले, झाकण घट्ट बसवलं आणि कप ड्रमच्या पोटात तळाशी दोन पट्ट्यांनी आवळून टाकला.

ड्रम थांबला. नुसता थांबला नाही, त्याला आवाज फुटला. दणक्यामागून एक बारीक, लांब ओढलेला ‘ठण्ण’ येऊ लागला, जसं एखाद्या रिकाम्या इमारतीच्या तळमजल्यावर कोणी लोखंडी दार लावलं आणि ते वरच्या मजल्यावर ऐकू आलं.

त्या दिवशी बायकोला – तेव्हा ती बायको नव्हती – स्टेजवरून उतरवण्यात आलं. ‘‘आता तुझी गरज नाही, चिमे,’’ डरकाळ्या म्हणाला. चिमी हे तिचं लहानपणचं घरातलं नाव. ‘‘तुझ्या जागी कप आला.’’ आभार मानायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. तिच्या मात्र ते डोक्यातून कधी गेलं नाही.

त्या ‘ठण्ण’ने बँडचं नशीब काढलं. वर्तमानपत्रांनी त्यावर लिहिलं. दुसऱ्या बँडांनी महागडी यंत्रं आणून तो आवाज काढायचा प्रयत्न केला आणि हात टेकले. एका ध्वनिमुद्रण संस्थेने ‘नव्या नादासाठी’ ढाल दिली. वाद्यविक्रेत्यांच्या संघटनेने पदक दिलं. खरं तर त्या सबंध काळात बँडने त्यांच्याकडून एक तार सोडता काहीही घेतलेलं नव्हतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ‘क्षेत्रातील सातत्यपूर्ण योगदानाबद्दल’ चांदीची तबकडी दिली आणि देताना सगळे डॉक्टर उभे राहिले. पोलिसांनीही एकदा मानचिन्ह दिलं, ठरल्या वेळी बंद केल्याबद्दल. त्या दिवशी वीज गेली होती.

हे सगळे पुरस्कार कामाला लावण्याची रीत बँडमध्ये आपोआप पडली. पहिला कप कामाला लागला होता, मग दुसऱ्याने नुसतं बसून का राहायचं? तालमीची खोली बायकोच्या धुलाईच्या दुकानामागे होती. एका बाजूला वाफेची इस्त्री फुसफुसायची, दुसऱ्या बाजूला बँड. तिथे ढाल मोठ्या स्पीकरखाली पाचर म्हणून होती. पोलिसांचं मानचिन्ह डरकाळ्याच्या माइकच्या दांड्याला बुडाशी बांधलेलं, कारण तो गाताना दांडा झोडपायचा. डॉक्टरांच्या तबकडीत मुका चहाचा कप ठेवायचा. पदक इस्त्रीच्या दोरीला लोंबत होतं. रेकॉर्डच्या खपाबद्दल मिळालेली, फ्रेम केलेली सोनेरी तबकडी खिडकीच्या फुटक्या तावदानाच्या जागी बसवली होती. दुपारी ऊन तिच्यावर पडलं की दुकानातल्या गिऱ्हाइकांचे डोळे दिपायचे.

पाहुणे विचारायचे, ‘‘तुमचे पुरस्कार कुठे ठेवलेत?’’ मास्तर खरं तेच सांगायचा, ‘‘तुम्ही त्यावर बसलाय.’’

अशी तीस वर्षं गेली. मग संगीत गौरव मंडळाने कळवलं की बँडला जीवनगौरव द्यायचं ठरलं आहे आणि मंडळाच्या नव्या इमारतीत ‘गौरव दालन’ उघडतं आहे, त्यात बँडचं स्वतंत्र काचेचं कपाट असेल. डरकाळ्या आठवडाभर जमिनीवर नव्हता. तो वयाने साठीकडे झुकलेला, केस मोजके उरलेले, पण काचेचं कपाट म्हटल्यावर तो आरशापुढे उभा राहून मान वळवून बघू लागला.

दालनाच्या संग्रहपाल बाई तालमीच्या खोलीत आल्या त्या पांढरे हातमोजे घालून. बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी आत येऊन चारी बाजूंना पाहिलं आणि हातातली पेटी जमिनीवर ठेवली.

‘‘पुरस्कार कुठे आहेत?’’

मास्तरने एकेक दाखवलं. बाईंनी मुक्याच्या चहाखालून तबकडी काढून घेतली. मुका पहिल्यांदाच काहीतरी बोलेल असं सगळ्यांना वाटलं; तो कप हातात धरून उभा राहिला. ढाल काढल्याबरोबर स्पीकर कलला. तावदान काढलं तसा वारा आत आला.

‘‘आणि पहिला? रस्सीखेचीचा? यादीत पहिला तोच आहे.’’

खिळ्याने ड्रमच्या बुडाशी बोट दाखवलं.

‘‘आत?’’ बाई म्हणाल्या.

‘‘आत.’’

‘‘किती वर्षं?’’

‘‘लग्नाच्या आधीपासून,’’ बायको दुकानाच्या दारातून म्हणाली. तिच्या हातात कुणाचा तरी कोट होता.

खिळ्याने समजावून सांगितलं. हा काढला तर ड्रम चालतो. आवाज जातो. बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. त्या उद्धट मुळीच नव्हत्या. ‘‘मला पटतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण पहिल्या पुरस्काराशिवाय कपाट लावता येत नाही. आणि एकदा नोंद झाली की ती वस्तू वापरायची नाही. वापरली तर ती पुरस्कार राहत नाही, अवजार होते.’’

‘‘ती आजवर अवजारच होती,’’ मास्तर म्हणाला.

‘‘म्हणूनच मी आले,’’ बाई म्हणाल्या.

डरकाळ्याने क्षणाचाही विचार केला नाही. ‘‘काढ तो कप, खिळ्या.’’

‘‘अरे, पण समारंभात वाजवायचंय आपल्याला.’’

‘‘वाजव की. तीस वर्षं वाजवतोयस, एका डब्यावाचून अडतं का तुझं?’’

खिळ्याने पट्ट्या सोडल्या. बाईंनी लोखंडाचे तुकडे एकेक काढून वेगळ्या पिशवीत भरले, रिकामा कप कापडात गुंडाळला आणि बाळ न्यावं तसा नेला.

दुसऱ्या दिवशी तालीम झाली. पहिल्याच गाण्यात ड्रम निघाला. एवढ्या वर्षांची कसर भरून काढायची असल्यासारखा निघाला. मास्तर उडी मारून बाजूला झाला, मुक्याने पाय वर घेतले आणि ड्रम इस्त्रीच्या टेबलाला जाऊन टेकला. आवाज तर मेलाच होता. ठप्प, ठप्प, जसं कोणी वरच्या मजल्यावर अंथरूण झटकतंय.

डरकाळ्या खाली बसला. मग त्याने एक लहान खोका आणून टेबलावर ठेवला. म्हणजे त्याने हे आधीच ठरवून ठेवलं होतं.

‘‘हे काय?’’

‘‘यंत्र आहे. ड्रमचा आवाज भरलेला असतो यात. तो ठण्णसुद्धा आहे, जुन्या रेकॉर्डवरून उचललाय. बटण दाबलं की झालं.’’

‘‘आणि मी?’’

‘‘तू पहिल्या रांगेत बस. जीवनगौरव चौघांना आहे, तुझं नाव आहेच.’’ डरकाळ्याचा आवाज खाली आला. ‘‘हे बघ खिळ्या, समारंभात पहिलं गाणं तुझं. ड्रम जागेवर राहिला तर राहिला. तोंडावर पडलो तर दुसऱ्या गाण्यापासून यंत्र. आणि मग पुढेही यंत्रच. या वयात लोकांपुढे शोभा करून घ्यायची नाही मला.’’

‘‘मेहुणा आहे म्हणून सवलत दिली वाटतं,’’ बायको म्हणाली. ‘‘दुसऱ्या कोणाला पहिलं गाणंही मिळालं नसतं.’’

‘‘चिमे, तू इस्त्री कर.’’

‘‘करतेय. तुझीच विजार आहे. पाय कुठून सुरू होतात तेच सापडत नाहीये.’’

खिळ्या घरी गेला. त्याला मानसन्मानाची फार हौस नव्हती. एकाही पुरस्काराच्या फोटोत तो दिसत नाही. सगळीकडे झांजेच्या मागे एक कोपर आहे, ते त्याचं. पण लिफ्टच्या खोलीत उकिडवं बसून दोरावर ग्रीस लावताना त्याला रोज वाटायचं की संध्याकाळी आपण ड्रममागे बसणार आहोत. ती संध्याकाळ कोणी खोक्यात भरून ठेवली तर दिवसभर कशासाठी बसायचं, हे त्याला सांगता येत नव्हतं.

त्याने खटपट सुरू केली. बक्षिसांच्या दुकानात जाऊन तसाच कप मागितला. दुकानदाराने फळीवरून एक चकचकीत, हातभर उंच कप काढून दिला. खिळ्याने तो दोन बोटांनी उचलला.

‘‘हा तर उडून जाईल.’’

‘‘सगळे असेच येतात आता. प्लास्टिक, वर सोनेरी मुलामा. वजन कोणाला हवंय साहेब? देणाऱ्याचा हात दुखतो.’’

मग तो गौरव मंडळाच्या अध्यक्षांना भेटला. अध्यक्ष मोठ्या खोलीत मोठ्या टेबलामागे बसले होते आणि टेबलावर जीवनगौरवाचं मानचिन्ह झाकून ठेवलं होतं.

‘‘मला एकच विचारायचं होतं,’’ खिळ्या म्हणाला. ‘‘याचं वजन किती?’’

अध्यक्षांच्या कपाळावर आठ्या पडल्या. अनेक कलावंत येऊन अनेक गोष्टी विचारून गेले होते. हे कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी कापड बाजूला केलं. पितळेचा एक कान होता, माणसाच्या डोक्याएवढा. मंडळाचं बोधचिन्ह कानच.

‘‘भरीव आहे,’’ अध्यक्ष अभिमानाने म्हणाले.

खिळ्याने तो उचलून पाहिला. त्याचा चेहरा खुलला. बोटाने टिचकी मारली. कान वाजला. ‘‘साहेब, हा आम्हाला आधी द्याल का? म्हणजे वाजवायच्या आधी?’’

‘‘आधी?’’

‘‘हो. हा मिळाला की मग वाजवतो.’’

‘‘अहो, आधी कला आणि मग गौरव. असंच असतं जगात. आधी गौरव घेऊन मग वाजवलं आणि बरं नाही वाजलं तर? परत घ्यायचा का आम्ही?’’

‘‘तो आत असला तर बरंच वाजेल,’’ खिळ्या म्हणाला. ‘‘बाहेर असला तरच वाईट वाजणार.’’

अध्यक्षांना हे कोडं वाटलं. त्यांनी कापड पुन्हा घातलं.

राहता राहिली एकच वाट. ती त्याला पहिल्या दिवसापासून दिसत होती, पण विचारायला जीभ रेटत नव्हती. समारंभाच्या आदल्या दिवशी जेवताना त्याने विषय काढला.

‘‘अगं, तुला आठवतं का, पूर्वी तू...’’

‘‘नाही.’’

‘‘मी काय म्हणतोय ते तरी...’’

‘‘मला पहिल्या रांगेचा पास आला आहे,’’ बायको म्हणाली. ‘‘माझ्या नावाने. छापलेला. दोन वर्षं मी तुझ्याकडे पाठ करून बसले. मग तीस वर्षं तिकिटांपाशी, नाहीतर दुकानात. कधी पाहायला आलेच तर खांबामागची जागा, कारण चांगल्या जागा दादा पाहुण्यांना वाटायचा. उद्या मी खुर्चीत बसून तुला समोरून बघणार आहे. एवढं मिळू दे मला.’’

खिळ्या मान खाली घालून जेवला. तिचं म्हणणं रास्त होतं आणि रास्त म्हणण्यापुढे त्याचं कधीच काही चाललं नाही.

‘‘आणि तो दादा,’’ ताट उचलताना ती म्हणाली. ‘‘मला उठवून कप बसवला त्याने. आता कपाला उठवून खोका बसवतोय. एकदा त्याला स्वतःला उठवायला हवं कोणीतरी.’’

समारंभ भर दुपारी होता. नव्या इमारतीचं सभागृह, गुळगुळीत लाकडी स्टेज, त्यावर इतकं पॉलिश की खिळ्याला त्यात स्वतःचा चेहरा दिसला. दारात एक रखवालदार उभा होता आणि त्याने खिळ्याला ओळखून खिसे तपासले. जुन्या सभागृहाचा माणूस होता तो. शेवटचा उपाय म्हणून खिळ्याने लिफ्टच्या दोराचा एक तुकडा आणला होता. त्याने ड्रम आपल्या स्टुलाला बांधला. मी एवढा जड, ड्रमला मी धरून ठेवीन, असा त्याचा हिशेब. स्टुलाचे पायही त्याच पॉलिशवर उभे आहेत, हे तिन्हीत्रिकाळ दोर तपासणाऱ्या त्या माणसाच्या ध्यानात आलं नाही.

स्टेजच्या एका अंगाला अध्यक्ष आणि पाहुणे खुर्च्यांवर, पुढ्यात टेबल, टेबलावर झाकलेला कान. पाठीमागे काचेचं कपाट आणून ठेवलेलं. त्यात दिवे. पहिल्या फळीवर रस्सीखेचीचा कप, इतका घासून पुसून लख्ख केलेला की खिळ्याला तो परका वाटला. कपाटाशेजारी संग्रहपाल बाई हातमोज्यांत. माइकपाशी जमिनीवर डरकाळ्याचा खोका.

बायको पहिल्या रांगेत मधोमध बसली होती. अंगात ठेवणीतला कोट, मांडीवर पर्स. तिने खिळ्याकडे बघून हात केला.

गाणं सुरू झालं.

पहिल्या कडव्यापर्यंत ड्रम नुसता सरकत होता. दुसऱ्यात तो चालू लागला आणि दोराने बांधलेलं स्टूल त्याच्यामागे, स्टुलावर खिळ्या. झांजा मागेच राहिल्या. खिळ्याने शेवटचा हात लांब करून एक झांज वाजवली, त्यानंतर ती त्याच्या आवाक्यात नव्हती. तो थांबला असता तर ड्रमही थांबला असता, पण गाण्याच्या मध्ये ड्रमर थांबत नाही. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. इतर काही त्याला येतच नव्हतं.

तो मुक्यापाशी आला. मुक्याने वाजवता वाजवता एक पाऊल मागे घेऊन वाट दिली. मास्तरपाशी आला. ‘‘कुठे निघालास?’’ मास्तरने विचारलं. ‘‘पुढे,’’ खिळ्या म्हणाला. मग तो डरकाळ्याच्या बरोबरीला आला आणि तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने मेहुण्याला गाताना बाजूने पाहिलं. डरकाळ्याचे डोळे घट्ट मिटलेले होते. गालाची शीर उडत होती. तो इतक्या जीव तोडून गात होता की खिळ्याला त्याच्याविषयी क्षणभर बरं वाटलं.

ड्रम डरकाळ्याच्या गुडघ्याला लागला. त्याने डोळे उघडले.

लोक हसत होते. आधी मागच्या रांगा, मग सगळेच. ड्रम स्टेजच्या कडेकडे चालला होता आणि कडेखाली पहिली रांग होती. अध्यक्ष उठून उभे राहिले, मग कुठे जावं हे न सुचून पुन्हा बसले. डरकाळ्याने गाणं न सोडता एक पाय लांब केला आणि बोटाने खोक्याचं बटण चाचपलं. ते खिळ्याला दिसलं. त्याने पाहिलं आणि आणखी जोरात दणका दिला, आणि ड्रम आणखी जोरात पुढे गेला.

बायकोने पर्स खांद्याला अडकवली. शेजारच्याला म्हणाली, ‘‘माझ्या खुर्चीवर कोणाला बसू देऊ नका.’’ बाजूच्या पायऱ्यांनी ती स्टेजवर चढली, ती दुकानाचं शटर उघडायला जावं त्या चालीने. तिने खोका उचलून अध्यक्षांच्या टेबलावर ठेवला. मग ड्रमपुढे आली, कोट नीट केला, कडेपासून हातभर अंतरावर बैठक मारली आणि ड्रमला पाठ टेकली.

ड्रम थांबला.

खिळ्याला तिची वेणी दिसेना. वेणी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. आखूड, करडे केस होते. ठोक्याबरोबर ते उडाले. ती वैतागलेली आहे, हे त्याला एका ठोक्यात कळलं. गाणं पुरं होईस्तोवर आणखी काही ठोक्यांत कळलं की फारशी नाही.

टाळ्या पडल्या, पण गोंधळलेल्या. काय पाहिलं ते कोणालाच नक्की ठरवता येत नव्हतं. कार्यक्रमात पुढे गौरव होता. अध्यक्षांनी प्रसंग सावरायचं ठरवलं. कान दोन्ही हातांनी उचलून ते पुढे आले. डरकाळ्याने हात पसरले. पण कान भरीव होता, अध्यक्ष वयस्कर होते आणि सगळ्यांत जवळ, अगदी पायाशी, एक मांडी होती. त्यांनी वाकून कान तिथेच ठेवला.

‘‘बाई, जरा धरा,’’ ते धापा टाकत म्हणाले.

तिने धरला. जरा तिरकं होऊन पाठीऐवजी एक खांदा आणि तो कान असं दोन्ही ड्रमला टेकवलं.

‘‘खिळ्या,’’ ती मान न वळवता म्हणाली, ‘‘एक ठोका दे.’’

त्याने दिला. दणक्यामागून बारीक, लांब ओढलेला ‘ठण्ण’ निघाला आणि सभागृहाच्या शेवटच्या भिंतीपर्यंत गेला. मागच्या रांगांत जुने लोक होते, ते उभे राहिले. मुका म्हणाला, ‘‘हां.’’ मास्तर सांगतो की ते तो नक्की म्हणाला. डरकाळ्या म्हणतो, खोकला असेल.

दुसरं गाणं झालं, तिसरंही झालं. खोका अध्यक्षांच्या टेबलावरच राहिला. नंतर तो अध्यक्षांचाच मानून कोणीतरी त्यांच्या गाडीत ठेवला आणि तो परत मागायला जायचं डरकाळ्याच्या जिवावर आलं. खिळ्याशी त्या विषयावर तो पुन्हा बोलला नाही. एवढंच म्हणाला, ‘‘चिमे, पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत ठेवतो तुला.’’

‘‘मधोमध,’’ ती म्हणाली.

‘‘मधोमध.’’

‘‘आणि आभार?’’

‘‘कसले?’’

‘‘बसल्याबद्दल. दोन वर्षांचे आणि आजचे.’’

डरकाळ्याने इकडेतिकडे पाहिलं. मग आभार मानले. आवाज एवढा बारीक होता की गायक म्हणून त्याला शोभला नाही, पण तिने चालवून घेतलं.

संग्रहपाल बाई आल्या. हातमोज्यांचे हात पुढे केले. ‘‘हा नोंदीसाठी लागेल. कपाटात मधल्या फळीवर त्याची जागा आहे.’’

‘‘हा आत जाणार आहे,’’ खिळ्याने ड्रमकडे बोट दाखवलं. ‘‘नाहीतर दर कार्यक्रमाला हिला बसावं लागेल.’’

‘‘नोंद करायचीच असेल तर मग आम्हा दोघांची करा,’’ बायको म्हणाली. ‘‘आवाज दोघांचा आहे. मी बसते कपाटात. फक्त संध्याकाळी दुकान उघडायला सोडावं लागेल.’’

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग कपाटाकडे, जणू खरंच मापं घेताहेत. त्या प्रामाणिक बाई होत्या आणि अजून नोंद न झालेल्या वस्तूवर त्यांचा अधिकार नव्हता. त्यांनी हातमोजे काढले. पहिल्यांदाच. कान उघड्या हाताने थोपटला आणि म्हणाल्या, ‘‘उद्या बघू.’’

तो उद्या काही आला नाही. कान ड्रमच्या पोटात आहे. कपाइतका ठण्ण येत नाही, थोडा जाड येतो. खिळ्या म्हणतो, वयाने आवाज जाड होतोच. बायको पहिल्या रांगेत मधोमध बसते आणि म्हणते की समोरून तो फारसा बघण्यासारखा नाही, पण जागा चांगली आहे.

गौरव दालनाच्या इमारतीतली लिफ्ट खिळ्याच्याच कंपनीकडे आहे. महिन्यातून एकदा तो कामाच्या कपड्यांत तिथे जातो. बँडचं कपाट लिफ्टसमोरच आहे. रस्सीखेचीच्या कपापुढे लोक थांबत नाहीत, ढालीपुढेही नाही. मधल्या फळीवर एक रिकामी जागा आहे, तिच्यावर दिवा सोडलेला आणि खाली बाईंनी लावलेली चिठ्ठी: ‘वापरात आहे’. तिथे मात्र प्रत्येक जण थांबतो, वाकतो, मागच्या बाजूने बघता येतं का ते पाहतो.

परवा एका गृहस्थांनी हातात ग्रीसचा डबा घेतलेल्या खिळ्यालाच विचारलं, ‘‘अहो, इथे काय होतं?’’

‘‘कान.’’

‘‘मग गेला कुठे?’’

‘‘कामाला,’’ खिळ्या म्हणाला, लिफ्टमध्ये शिरला आणि त्याने दार लावून घेतलं.